सोमवारचं पाणी

शकू आमच्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि एक उशी होती. पेटीचं मला काही वाटलं नाही. पण ती उशी तिची एकटीची होती, निळ्या अभ्र्याची, आणि मी तोवर आईच्या जुन्या लुगड्याची घडी डोक्याखाली घेऊन झोपत आले होते. दुसऱ्याच दिवशी उन्हात घालायच्या निमित्तानं मी ती उशी राखेच्या ढिगावर टाकली आणि वर साळसूदपणे म्हणाले, ‘पडली वाटतं.’ शकूनं ती उचलली, झटकली आणि रात्री अर्धी उशी माझ्याकडे सरकवून झोपून गेली. मला तिचा खरा राग आला तो तेव्हा. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आता साठी उलटल्यावर हे लिहिताना हसू येतं, पण त्या हसण्याखाली जुनी जळजळ अजून थोडी शिल्लक आहे, हेही सांगून टाकते.

शकू म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी, माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या बदल्या इतक्या व्हायच्या की पोरीची शाळा एका जागी टिकेना, म्हणून आठवीत तिला आमच्याकडे ठेवलं. आमचं गाव पूर्णा स्टेशनापासून पायी तासाभरावर. शाळा पूर्णेला. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नदीकाठी थोडी जमीन होती आणि त्या जमिनीच्या कडेला गुऱ्हाळ होतं. मला भाऊ नव्हता. घरात आई, अप्पा आणि मी. त्यात ही चौथी आली आणि बघता बघता पहिली झाली.

आमचं घर सकाळी अगदी गप्प असायचं. अप्पा अंघोळ करून कपाळाला विभूती लावायचे, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटून बसायचे, आणि तेवढा वेळ आई भाकरीसुद्धा हळू थापायची. पूजा आटोपून अप्पा उठले की आवाज सुरू व्हायचे. आईच्या बांगड्या, तव्यावरची भाकरी, विहिरीचा रहाट, आणि मग लांबून गुऱ्हाळाच्या इंजिनाची ठकठक. हंगामात आमच्या अंगाला, केसांना, दप्तरालाही गोड वास यायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुमच्या जवळ बसलं की भूक लागते. जेवायला येसराची आमटी, भाकरी, आणि भाकरीच्या मधोमध खड्डा करून त्यात गरम काकवी. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या असायच्या, त्या सोलत सोलत आम्ही अभ्यास करत असू. शकू सोललेले दाणे एका वाटीत जमवायची आणि मग सावकाश खायची. मी सोलला की तोंडात टाकायची. आमच्या दोघींमधला सगळा फरक यात आला.

गुऱ्हाळातली मोठी कढई चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही एवढी होती. खाली भट्टी, तिचं तोंड दक्षिणेला, तिथून चिपाडं सारत राहायचं. उसाचा रस कढईत ओतला की पहिला तास-दीड तास अप्पा जाळ संथ ठेवायचे. मग आईनं ठेचून भिजवलेल्या भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी रसात घालायचे, आणि रसातली सगळी घाण मळी होऊन वर यायची. ती मळी झाऱ्यानं काढायची. आता यात गंमत अशी की मळी कढईभर पसरत नसे. ती एका अंगाला गोळा होई, कधी उगवतीच्या, कधी मावळतीच्या. झारेकऱ्यानं त्या बाजूला उभं राहायचं. आणि मग, कुणी काही केलेलं नसताना, जाळ तोच, रस तोच, मळीचा तो सगळा थर सुटायचा आणि सावकाश समोरच्या काठाला जाऊन लागायचा. झारेकऱ्याला मग कढईला वळसा घालून पलीकडं जावं लागायचं. आमच्याकडं त्याला ‘कढईनं कूस बदलली’ म्हणत. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं ‘फिरली!’ म्हणून ओरडायचं, म्हणजे झारेकरी आधीच निघायचा. ती कधी फिरेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. कधी पंधरा मिनिटांत दोनदा, कधी अख्खं आधण उतरेपर्यंत एकदाही नाही. अप्पांना विचारलं की म्हणायचे, ‘तिच्या मनावर हाय.’

मी जन्मापासून त्या कढईजवळ वाढलेली. पण शकू आल्यावर आठ दिवसांत ‘फिरली’ ओरडायचा मान तिचा झाला. थर सुटायच्या आधी काठाला किंचित सुरकुती पडते, ती तिला दिसायची. मी डोळे ताणून बसले तरी मला थर निम्म्यात आल्यावर कळायचं. अप्पा झारेकऱ्याला म्हणाले, ‘पोरीला नजर हाय बरं.’ एवढंच. पण मला ते इतकं झोंबलं की त्या दिवशी मी काकवी खाल्ली नाही. आईला वाटलं, पोट बिघडलं. तिनं मला ओव्याचं पाणी पाजलं. पुढं पुढं तर अप्पा तिला गोळी बघायला बोलवू लागले. पाक झाला की नाही ते बघायला त्याचा थेंब गार पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळून बघतात; ही गुळव्याची खरी विद्या. अप्पांनी ती मला कधी दाखवली नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘भाजशील. चिपाडं आण.’ शकू भाजणार नव्हती का? तिची बोटं काय लोखंडाची होती?

शाळेत विज्ञानाला सय्यद सर होते. उंच, किडकिडीत, पानाचा डबा खिशात आणि बोलणं निम्मं मराठी निम्मं दखनी. एकदा वर्गात भांड्यात पाणी कसं तापतं ते शिकवत होते, तर शकूनं उभं राहून विचारलं, ‘सर, तापताना ते एकदम उलटं कामून फिरतं?’ सरांना आधी कळेना. मग तिनं कढईचं सगळं सांगितलं. सर खुर्चीवरून उठले आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी सायकल मारत आमच्या गुऱ्हाळात आले. दिवसभर बसले. संध्याकाळी अप्पांना म्हणाले, ‘अप्पासाहेब, खालून तापलेलं पाणी एका अंगानं वर येतं, दुसऱ्या अंगानं खाली जातं. जिकडं खाली जातं तिकडं हा कचरा गोळा होतो. ते चाक उलटं झालं की कचरा पलीकडं. हे इथपर्यंत मला पण येतं. पण कधी उलटं होणार, ते मोठ्या मोठ्या लोकांना पण येत न्हाई.’ मग त्यांनी आम्हा दोघींकडे बघून सांगितलं की पृथ्वीच्या पोटातही वितळलेलं लोखंड असंच ढवळत असतं, त्याच्यामुळंच होकायंत्राची सुई उत्तरेला उभी राहते, आणि फार फार काळानं कधीतरी ते चुंबकही कूस बदलतं. उत्तर ती दक्षिण होते. अप्पांनी वाकून कढईत बघितलं. मग म्हणाले, ‘म्हणजे वर बी तेच चाललंय आन् खाली बी तेच.’ मला आठवतं, मला तेव्हाही एकच वाटलं: हा प्रश्न मी का नाही विचारला? कढई तर माझी होती.

सरांनी ठरवलं की शकूनं याची वही करायची आणि ती परभणीला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायची. अप्पांनी त्यावर एक वाक्य बोलून ठेवलं, आणि त्या वाक्यानं माझी झोप उडाली. ‘म्याट्रिक झाल्यावर दोघींतल्या एकीला परभणीला सायन्सला घालीन. दोघी गेल्या तर घरात हिच्या हाताखाली कोण?’ हिच्या म्हणजे आईच्या. कुणाला घालणार ते नाव घेतलं नाही, पण ते शकूचं हे भिंतींनाही कळलं होतं. प्रदर्शनात नंबर आला की शिक्कामोर्तब. मला सायन्सची काही ओढ होती का? खरं सांगायचं तर नव्हती. मला अप्पांनी निवडायला हवं होतं.

रस रोज वेगळा, कधी घट्ट कधी पातळ, म्हणून सर म्हणाले, साध्या पाण्यावर करा. आमच्यात सोमवारी, महादेवाचा वार म्हणून, बैल जुंपत नाहीत. त्यामुळं सोमवारी ऊस येत नसे आणि गुऱ्हाळ बंद असे. अप्पांनी दर सोमवारी तीच कढई पाण्यानं भरून तिच्याखाली दिवसभर जाळ घालायचं कबूल केलं. मूठभर चिपाड वाया गेलं तर गड्याला फैलावर घेणारा हा माणूस! ‘वांझ जाळ’ म्हणून आई कुरकुरली, तर अप्पा म्हणाले, ‘असू दे. शिकायलीय पोरगी.’ सरांनी हेडमास्तरांकडून आम्हा दोघींना सोमवारची सुट्टी मिळवून दिली. पाण्यावर भुईमुगाची टरफलं चुरून टाकायची आणि दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं: उगवतीला असली तर ‘उ’, मावळतीला असली तर ‘मा’. वेळ कळावी म्हणून अप्पांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून शकूच्या हातावर बांधलं. पट्ट्याला जास्तीचं भोक पाडायला खिळा तापवला तो मी. मी मदतनीस होते ना! दोघींनी आलटून पालटून बसायचं असं सरांनी सांगितलं होतं, डोळे थकतात म्हणून. पण वहीवर नाव एकटीचं.

सर मधूनमधून येऊन वही बघायचे आणि खूश व्हायचे. शकूनं एकदा विचारलं, ‘सर, लय वेळ एकाच अंगाला बसती तेव्हा लिहायचं काय? नुसतं मा मा मा मा?’ सर म्हणाले, ‘बेटा, तेच तर लिहायचं. तासभर बघशील तर एक दिसेल, दिवसभर बघशील तर दुसरं, आणि वर्षभर बघशील तर ते दिवस पण बदलताना दिसतील. घाई न्हाई करायची.’ शकूनं मान डोलावली. मी जांभई दिली.

पाचव्या सोमवारी शकूच्या वडिलांची गाडी पूर्णेला थोडा वेळ थांबणार असल्याचा निरोप आला. आईनं भाकऱ्या आणि काकवीचा डबा बांधून दिला आणि शकू दुपारी त्यांना भेटायला निघाली. जाताना घड्याळ सोडून माझ्या हातावर बांधलं. तिच्या मापाला पाडलेलं भोक माझ्या मनगटाला सैल झालं. ‘मंगे, बगत ऱ्हाय बरं का,’ ती म्हणाली. मंगे म्हणजे मी, मंगल.

मी बसले. टरफलं मावळतीच्या काठाला होती. मी लिहिलं, मा. पाच मिनिटांनी मा. पुन्हा मा. मी त्या दिवशी मनापासून बसले होते, यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. मला बघायचं होतं. अप्पा आटलेल्या पाण्याची भर घालायला येतील तेव्हा मी ‘फिरली!’ म्हणून ओरडावं आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघावं, एवढं मला हवं होतं. एक तास गेला. टरफलं जागची हलली नाहीत. अप्पा आले, दोन घागरी ओतल्या, टरफलांकडं नजर टाकली आणि गेले. पुन्हा तासभर मा मा मा. ऊन कढईच्या काठावर चमकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती बया ढिम्म. अप्पा पुन्हा आले, पुन्हा गेले. आणि मला वाटायला लागलं की हे मुद्दाम चाललंय. शकू असली की फिरते. मी असले की फिरत नाही. माणसांनी तिला डोक्यावर घेतलं ते घेतलं, आता कढईसुद्धा तिचीच झाली? लोखंडाच्या एका भांड्याचा आणि पाण्याचा मला त्या दुपारी जो राग आला तसा पुढं कुणा माणसाचाही कधी आला नाही. मी ते मा मा मा लिहिलेलं पान फाडलं, भट्टीत टाकलं, आणि नव्या पानावर पहिल्यापासून लिहायला घेतलं. उ लिहिलं. मग दोनदा मा. मग उ. माझ्या वहीत ती फिरली, चांगली मनासारखी फिरली. दिवेलागणीच्या आधी शकू परत आली तेव्हा पान भरलेलं होतं, आणि टरफलं अजून मावळतीलाच होती.

शकूनं उभ्याउभ्याच वही वाचली. बोटानं मोजत गेली. ‘सतरा येळा फिरली?’

‘मग? तुझ्याच हातानं फिरते का ती?’

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, तिनं सुरकुती शोधायची तसं. मग म्हणाली, ‘मंगे, कढईला इतकी घाई नसती गं.’ आणि वही बंद केली. मी पाय आपटत घरी आले. ती आता अप्पांना सांगेल, सरांना सांगेल, म्हणून दोन दिवस मी जीव मुठीत धरून होते. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. त्या पानावर तिनं खळ लावून कोरा कागद चिकटवला आणि वर लिहिलं, ‘नोंद नाही. मी जागेवर नव्हते.’

परभणीच्या प्रदर्शनात तिनं सगळ्या सोमवारांची एक लांबच लांब कागदाची पट्टी करून भिंतीला लावली. रेघ वर म्हणजे उगवती, खाली म्हणजे मावळती. लोक थांबून बघत होते. परीक्षक म्हणून एक कॉलेजचे प्राध्यापक होते, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी पट्टी वाचली. पाचव्या सोमवारी रेघ तुटलेली होती. ‘इथं काय झालं?’

‘मी जागेवर नव्हते,’ शकू म्हणाली.

‘कुठं होतीस?’

‘वडिलांना भेटायला गेले होते.’

‘मग कुणाला तरी बसवायचं होतं. असल्या कामात सलग बघणं हेच तर काम असतं.’ त्यांनी आपल्या वहीत काहीतरी टिपलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. मी तिच्या शेजारी उभी होते, हातात टाचण्यांची डबी घेऊन. अप्पा मागं होते, सय्यद सर त्यांच्या बाजूला. एक वाक्य बोलायचं होतं. मी डबीचं झाकण लावत आणि उघडत राहिले. नंबर आला तो दुसऱ्याच शाळेच्या पवनचक्कीचा. सरांनी शकूच्या डोक्यावर हात ठेवला, ‘बेटा, बाकी सगळं पक्कं होतं.’ परतीच्या गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, थोडासा. खोटं कशाला सांगू?

म्याट्रिकचा निकाल लागला. दोघी पास झालो. तिचे मार्क माझ्यापेक्षा बरेच जास्त. एके सकाळी पूजा आटोपून अप्पा उठले आणि विभूतीची बोटं पंच्याला पुसत आईला म्हणाले, ‘मंगलची पेटी भर. परभणीला घालायची हाय.’ आईनं चमकून त्यांच्याकडं बघितलं. शकू चुलीपुढं बसून भाकरी भाजत होती, तिनं भाकरी उलटली. मी तिला तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. मला वाटलं, मी चोरी केली आणि ती पचली.

पुढं मी परभणीची झाले. बी.एस्सी., बी.एड., मग तिथंच एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पाणी कसं तापतं ते दरवर्षी शिकवलं, आणि ते एकदम उलटं का फिरतं हे एकाही पोरानं विचारलं नाही म्हणून दरवर्षी सुटकेचा श्वास टाकला. शकू गुऱ्हाळातच राहिली. शेजारच्या गावच्या, इंजिनाचं काम करणाऱ्या मुलाशी तिचं लग्न झालं आणि तो आमच्याकडेच राहायला आला. अप्पांचे हात थरथरायला लागल्यावर गोळी तीच बघू लागली. बाजारात ‘शकूबाईचा गूळ’ म्हणून मागतात. अप्पा शेवटपर्यंत तिच्या कढईजवळ बाजेवर बसून असायचे. मी सणावाराला जायची तेव्हा ते माझ्याशी पाहुण्यासारखे बोलायचे, शकूला मात्र रागवायचे. त्या रागवण्याचा मला काय हेवा वाटायचा! आणि सोमवारचं पाणी तिनं बंद केलं नाही. दर हंगामात दर सोमवारी जुन्या कढईखाली जाळ, पाण्यावर टरफलं आणि हातात वही. गावाला वाटतं, तिचा महादेवाला काही नवस आहे. बायका सोमवारी येऊन कढईला हळदकुंकू वाहून जातात, नारळ ठेवून जातात. शकू कुणाला नाही म्हणत नाही. दुपारी त्याच खोबऱ्याची चटणी करते.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. ‘मंगे, पुण्याहून एक पोरगी आलीय, संशोधन करायलीय म्हणं. तिचं निम्मं मला कळंना. तू ये.’ मला फार बरं वाटलं. शेवटी गरज माझीच लागली, म्हणत मी चांगली साडी नेसून एस.टी.त बसले. ऋतुजा नावाची ती मुलगी मूळची जिंतूरकडची, तिच्या आजोळच्या माणसांकडून तिला सोमवारच्या पाण्याचं कळलं होतं. ती संगणकावर वितळलेल्या धातूचे प्रवाह चालवून बघते, चुंबकात ते कसे वागतात ते. मला म्हणाली, ‘मॅडम, अडचण अशी की सावकाश होणारे बदल दिसायला तितकाच काळ बघत बसावं लागतं. आमचं गणित तेवढा वेळ चालत नाही. आणि जितकं जास्त बघावं, तितके आणखी सावकाश बदल सापडत जातात. त्याला तळच लागत नाही.’ मी हे सोपं करून सांगण्यासाठी शकूकडं वळले, तर शकू म्हणाली, ‘तेच तर. एक हंगाम असा आला व्हता, सगळा उगवतीला. म्या म्हणलं, कढई कलली का काय. पाणी भरून तपासली, तर सरळ. दुसऱ्या सालापासून जी मावळतीला लागली ती तीन हंगाम.’ ऋतुजानं वही ओढून घेतली. ‘मावशी, हे लिहिलंय तुम्ही?’ ‘सगळंच लिवलंय.’ लोखंडी कपाट भरून वह्या निघाल्या. ती मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली. जाळ, वारा, पाण्याची पातळी यांचा किती भाग असेल ते बघावं लागेल, यातून लगेच काही सिद्ध होत नाही, असं ती वारंवार म्हणत होती. पण म्हणता म्हणता पुढची वही उघडत होती. मी दुभाषी म्हणून गेले होते. मला कुणी काहीच विचारत नव्हतं. चांगली साडी नेसून मी खुर्चीवर बसून होते आणि मनात तोच जुना हेवा उठला होता, सोळाव्या वर्षी उठायचा तसाच, ताजा.

मग पहिली वही निघाली. ऋतुजा पानं उलटत पाचव्या सोमवारी आली. ‘ही दुपार?’

शकू चिपाडं सारत होती. वर न बघता म्हणाली, ‘मी जाग्यावर नव्हते.’

‘मी होते,’ मी म्हणाले. ‘मी बसले होते. ती मावळतीला होती. दुपारभर, दिवेलागणीपर्यंत. एकदाही हलली नाही. मी ते पान जाळलं आणि खोटं लिहिलं.’

ऋतुजानं आधीची-नंतरची पानं चाळली. ‘म्हणजे त्या हंगामातला हा सगळ्यात लांब थांबा असणार,’ ती हळू म्हणाली. मग ओशाळून, ‘पण मॅडम, आठवणीवरून मला तो धरता नाही येणार. सॉरी.’ मी म्हणाले, बरोबर आहे. तीस वर्षं मीच पोरांना तेच शिकवलं होतं. तिला फोन आला म्हणून ती विहिरीकडं गेली आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या कढईजवळ उरलो.

‘आज कामून बोललीस?’ शकूनं विचारलं.

‘राहवलं नाही.’

‘अप्पाला म्हाईत व्हतं.’

मी तिच्याकडं वळले. ती चिपाडं सारत राहिली. ‘पाणी घालायला येऊन गेलं व्हतं न्हवं? दोन्ही येळा मावळतीला बगितलं त्यांनी. परदर्शनावरनं आल्यावर मला विहिरीवर गाठून म्हणले, खरं सांग. म्या सांगितलं.’

‘मग मला का घातलं परभणीला?’

‘मलाच विचारलं त्यांनी. म्हणले, शकू, आता मंगलचं काय करावं? म्या म्हणलं, तिला सायन्सला घाला. हितं ऱ्हायली तर मला बगून बगून वाळंल ती. आन् मला कढईपाशी ऱ्हायचंय, ते बी सांगितलं. तर म्हणले, बरं.’

या जागी मला लाज वाटली, डोळे भरून आले, मी तिचा हात धरला, असं लिहिता आलं असतं. ते सगळं नंतर झालं, एस.टी.त बसल्यावर. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच की माझ्या जन्माचा प्रश्न अप्पांनी तिला विचारला. मला त्यांनी चिपाडं आणायला सांगितलं, पाणी आणायला सांगितलं, माझी पेटी भरायला आईला सांगितलं. विचारलं कधीच काही नाही. मी खुर्ची पुढं ओढली.

‘अप्पा बरं म्हणाले,’ मी विचारलं, ‘ते कसं म्हणाले गं? जड मनानं?’

शकूनं हातातलं चिपाड खाली ठेवलं.

‘हसून,’ ती म्हणाली.